आठ महिने स्कॅनर वापरला, स्टिअरिंगचं दुखणं सापडलं मल्टिमीटरवर

गेल्या पावसाळ्यात माझ्या २०१६ च्या हॅचबॅकचं स्टिअरिंग अधूनमधून जड व्हायला लागलं. रस्त्यावर काही नाही. सोसायटीत रिव्हर्स घेताना पूर्ण वळवलं की ईपीएसचा (विजेच्या मोटरवर चालणाऱ्या पॉवर स्टिअरिंगचा) दिवा लागायचा आणि स्टिअरिंग दगड. गाडी बंद करून चालू केली की परत लोण्यासारखं. गॅरेजवाल्याने काही न तपासता ‘कॉलम असेंब्ली बदला’ (म्हणजे स्टिअरिंगचा दांडा, मोटर, अख्खा संच) म्हणत २६ हजार सांगितले. म्हणून साडेआठशेचा ईएलएम३२७ जातीचा ब्लूटूथ स्कॅनर मागवला: गाडीच्या ओबीडी पोर्टला लावायचा छोटा डबा, बिघाडाचे कोड मोबाइलच्या ॲपवर दाखवतो.

इंजिनासाठी पैसे वसूल. चेक इंजिनचा दिवा दोनदा लागला, दोन्ही वेळा पी-वाला, म्हणजे इंजिन-गिअरचा, कोड लगेच मिळाला. स्टिअरिंगबद्दल मात्र ‘नो फॉल्ट’! ईपीएसचे कोड सी-वाले, म्हणजे स्टिअरिंग-ब्रेक वगैरेचे, असतात आणि फुकटची ॲप्स बहुतेक इंजिनापुरतीच चालतात. खोक्यावर ‘ऑल सिस्टीम’ छापलंय म्हणून हुरळू नका, आपल्या गाडीचा ईपीएस वाचतं का ते आधी बघा. मी पैसे भरून दुसरं ॲप घेतलं, तेव्हा कळलं: व्होल्टेज कमी पडतंय. मोटर किंवा टॉर्क सेन्सरचा (स्टिअरिंगवरचा जोर मोजणाऱ्या सेन्सरचा) कोड नव्हताच.

उभ्या गाडीत स्टिअरिंग फिरवताना मोटर भरपूर करंट ओढते. इंजिन चालू असताना बॅटरीवर १४.१ व्होल्ट, म्हणजे अल्टरनेटर ठणठणीत. मग अर्थिंगमध्ये किती व्होल्ट वाया जातात ते बघायला मल्टिमीटरची एक पिन बॅटरीच्या निगेटिव्हवर, दुसरी बॉडीच्या उघड्या बोल्टवर धरली आणि बायकोला म्हटलं, फिरव. आकडा ०.०४ वरून थेट ०.९ व्होल्ट! ०.२ च्या आसपास थांबला असता तरी चाललं असतं. अर्थिंगच्या वायरीचा बोल्ट काढला, तर खाली हिरवट-पांढरा थर. पॉलिश पेपरने घासलं, घट्ट आवळलं, वर व्हॅसलीन फासलं. आता ०.०६ येतात. तेव्हापासून दिवा लागलेला नाही.

तक्रार एकच, तीही थोडी माझीच. चावी काढली तरी पोर्टला करंट चालू असतो. स्कॅनर तसाच ठेवून दहा दिवस गावी गेलो, आल्यावर बॅटरी बसलेली.

परवा शेजारचे काका आले, ‘तुझा तो डबा लाव रे, स्टिअरिंग कुंईकुंई करतंय.’ त्यांची गाडी जुनी, हायड्रॉलिक पंपवाली, म्हणजे स्टिअरिंग तेलाच्या दाबावर; त्यात कोड कुठले? डबा खिशातच ठेवला, बॉनेट उघडून टॉर्च मारला. तेल मिनिमम रेघेच्या खाली आणि पंपाचा बेल्ट गुळगुळीत.