नॅरोबोटवरचा गॅस गीझर: उघड्या ज्योतीचा की बंद पेटीचा?

इंग्लंडच्या कालव्यांवरची नॅरोबोट म्हणजे जेमतेम 7 फूट रुंदीचं लोखंडी घर. अशा जागेत गॅस गीझर निवडताना पहिला प्रश्न विचारायचा तो हा, की ज्योतीला हवा कुठून मिळते?

जुन्या पद्धतीचा गीझर खोलीतलीच हवा ओढतो आणि धूर छपरावरच्या नळीतून बाहेर सोडतो. तो स्वस्त असतो आणि दुरुस्तीला सोपा. पण त्याची सगळी भिस्त उघड्या झरोक्यांवर. थंडीत वारा बोचू लागला की माणूस झरोक्यात फडकं कोंबतो, आणि कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू आत साचू लागतो. त्याला ना वास ना रंग. डोकं दुखलं, मळमळलं तर सर्दीच वाटते. अशा गीझरची तपासणी करताना तंत्रज्ञ धूर सोडणारी काडी त्याच्या वरच्या फटीपाशी धरतो. धूर आत खेचला गेला तर ठीक. खोलीत परतला तर गीझर तिथेच बंद करायचा.

बंद पेटीचा गीझर बाहेरूनच हवा घेतो आणि बाहेरच धूर टाकतो. तो महाग पडतो, बहुतेकांना पंख्यासाठी वीजही लागते. शिवाय नळीचं तोंड खिडकीजवळ चालत नाही. तरीही बोटीत झोपणार असाल तर हाच घ्या, असं मी आग्रहाने सांगेन.

गॅसची जोडणी मात्र बोटींचं काम येणाऱ्या नोंदणीकृत तंत्रज्ञाकडूनच करून घ्या. आणि कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म दोन्ही प्रकारांत हवाच.