राखीव सैनिकाचा हृदयविकार: कवायतीच्या शनिवारी की घरच्या मंगळवारी?

अमेरिकेच्या आर्मी रिझर्व्हमधला सैनिक महिन्यातला एक वीकेंड आणि वर्षाकाठी साधारण दोन आठवडे गणवेशात असतो. एरवी तो बँकेत नाहीतर शाळेत नोकरीला. त्यामुळे हृदयविकार किती गंभीर, याइतकंच तो कधी उघडकीला आला यालाही महत्त्व येतं.

हार्ट अटॅक कवायतीतच आला, तर 'लाइन ऑफ ड्यूटी' चौकशी होते, म्हणजे आजार सेवेत असतानाचा आहे का ते तपासतात. आजार सेवेशी जोडलेला आणि सैनिक अनफिट ठरला, की अपंगत्वाची टक्केवारी काढतात. 30 किंवा जास्त असेल तर वैद्यकीय निवृत्ती, पेन्शन, कुटुंबाला ट्रायकेअर, म्हणजे लष्कराचा आरोग्यविमा. त्याखाली बहुधा एकरकमी पैसे. माजी सैनिकांच्या भरपाईचा कायदाही वीकेंडच्या कवायतीत एरवी फक्त दुखापतच धरतो, आजार नाही. हार्ट अटॅक, कार्डिअ‍ॅक अरेस्ट आणि स्ट्रोक हे मात्र त्याला अपवाद.

तेच ब्लॉकेज मंगळवारी आपल्या डॉक्टरकडे सापडलं, तर लष्कराचं तपासणी मंडळ फिट की अनफिट एवढंच बघतं. अपंगत्वाची भरपाई नाही. पेन्शनसाठी धरली जाणारी 15 वर्षं भरली असतील तर 20 वर्षांची अट शिथिल होऊन सहसा साठीला पेन्शन मिळू शकतं. 14 भरली असतील तर हात हलवत घरी. मला हा नियम निर्दय वाटतो.

म्हणून कवायतीत छातीत कळ आली तर 'घरी जाऊन बघू' म्हणू नये. तिथेच कळवावं, आणि ईसीजीसोबत हजेरीचा कागदही जपावा.