जेडसाठी विटांची खडी: इंदूरचा उन्हाळा आणि पावसाळा काढल्यानंतर

फेब्रुवारीत जाड, पाणी साठवणाऱ्या पानांच्या झाडांच्या 14 कुंड्या बदलल्या: 8 जेड, 3 हॉवर्थिया, 2 एचेव्हेरिया, 1 स्नेक प्लांट. मे महिना आणि पावसाळा दोन्ही निघाले, तेव्हा आता ठामपणे लिहिता येईल.

12 कुंड्यांत मातीऐवजी भरलेल्या मिश्रणाचं प्रमाण: विटांची खडी 2 भाग, जाडी रेती 1 भाग, चाळलेलं गांडूळखत 1 भाग. खडीचे तुकडे 3 ते 6 मिलिमीटर, हरभऱ्याच्या डाळीएवढे. चाळणीखालची भुकटी टाकूनच द्यायची, ती ओली झाली की तुकड्यांमधल्या फटी बुजवते. नर्मदेची बांधकामाची रेतीही चाळून, पाणी नितळ येईपर्यंत धुवून घ्यायची. आपली माळव्याची काळी माती मात्र चिमूटभरही नको. ती ओली झाली की फुगते आणि मुळांना हवा मिळत नाही. सुकली की आकसून कुंडीच्या कडेपासून सुटते, मग पाणी कडेनं निघून जातं आणि मधला गोळा कोरडाच राहतो.

उरलेल्या 2 जेडच्या कुंड्यांत तुलनेसाठी विकतचं तयार मिश्रण भरलं होतं. त्यात मुख्यतः कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा. मेमध्ये ते इतकं वाळलं की पाणी वरच तरंगायचं, आणि जुलैत आठवडा उलटला तरी ओलंच. त्यातल्या एका जेडचं खोड बुडाशी सडलं. खडीतली एक एचेव्हेरिया ऑगस्टच्या झडीत गेली, बाकी सगळी छान आहेत. एचेव्हेरियाला पावसाळ्यात छताखालीच ठेवा, पानांच्या बेचक्यात साचलेलं पाणी तिला सोसत नाही.

कुंडी बदलण्याआधी 5-6 दिवस पाणी बंद करा. नर्सरीतल्या रोपाच्या मुळांच्या मध्यभागी बहुधा चिकट मातीचा गोळा असतो. तो काडीनं हळूहळू उकलून काढायलाच हवा, नाहीतर भोवती कितीही चांगलं मिश्रण असलं तरी सडायला तिथूनच सुरुवात होते. काळी, ओढली की साल निसटणारी मुळं कापा, ताठ आणि फिकी मुळं ठेवा. रोप 2 दिवस सावलीत तसंच उघडं राहू द्या, काप सुकतात. नवी कुंडी 1 ते 2 इंचच मोठी, मातीची. पहिलं पाणी आठवड्यानं.

तळाशी खापऱ्यांचा थर देऊ नका. बारीक मिश्रणातलं पाणी जाड थरात सहज उतरत नाही, सीमेवरच अडतं, म्हणजे ओला पट्टा उलट मुळांच्या जवळ येतो. भोकावर जाळीचा तुकडा पुरे.

पानं सुरकुतली की लगेच पाणी घालण्याची घाई बहुतेक जण करतात. आधी बुडाशी खोड अंगठ्यानं दाबून पाहा. खोड टणक आणि पान पातळ, लवचीक असेल तर तहान आहे. पान पिवळट, काचेसारखं पारदर्शक होऊन हात लावताच गळत असेल आणि खोड दबत असेल, तर सड आहे. मग वरची निरोगी फांदी कापा. कापावर तपकिरी ठिपका दिसला तर आणखी वर, पूर्ण हिरवट-पांढरा काप मिळेपर्यंत. आठवडाभर सुकवून कोरड्या खडीत लावा.

इथे ‘जेड’ म्हणून दोन वेगळी झाडं विकतात, हेही पाहून घ्या. छोट्या पानांचं, लालसर दांड्याचं ते पोर्तुलाकेरिया, ते गच्चीवरचं ऊन आणि थोडं जास्त पाणीही सोसतं. जाड, मोठ्या पानांचं क्रॅसुला. त्याला एप्रिल ते जून 50 टक्के ऊन अडवणाऱ्या हिरव्या जाळीखाली ठेवायचं. कडक उन्हाळ्यात त्याची वाढ थांबते, म्हणून पाणी कमी, आणि तेही संध्याकाळी कुंडी निवल्यावर.

या मिश्रणाचा तोटा म्हणजे वजन. 10 इंची कुंडी एकट्यानं उचलणं जड जातं. खडीत अन्नही नसतं, त्यामुळे फेब्रुवारीत आणि ऑक्टोबरमध्ये मूठभर गांडूळखत वरून द्यावं लागतं.

पिठ्या ढेकूण (पांढरी, कापसासारखी दिसणारी कीड) पानांच्या बेचक्यात दिसला तर कापसाच्या काडीवर 70 टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन टिपा, 5-6 दिवसांनी पुन्हा. एचेव्हेरियावर कडुनिंबाचं तेल फवारू नका, पानांवरची पांढरी भुकटी जाते आणि त्या पानांवर परत येत नाही.