चेक इंजिनचा दिवा विझलेला नव्हता, तो लागतच नव्हता

मागच्या हिवाळ्यात मी इंदूरमध्ये एका दलालामार्फत 2014 सालची पेट्रोल हॅचबॅक 2 लाख 65 हजार रुपयांना घेतली. मी पोहोचलो तेव्हा इंजिन आधीच चालू होते, आणि मीटरकडे बोट दाखवून दलाल अस्खलित मराठीत म्हणाला, "काका, बघून घ्या, एक तरी दिवा दिसतोय का?" दिसत नव्हता. इंदूरसारख्या गावात समोरचा मराठी बोलू लागला की आपला विश्वास जरा लवकरच बसतो, हेही कबूल केले पाहिजे. 'जशी आहे तशी घेतली' असे छापलेल्या कागदावर मी सही केली.

तीन महिन्यांनी पीयूसीची मुदत संपली आणि तपासणीत गाडी नापास झाली. कार्बन मोनॉक्साइडचे प्रमाण मर्यादेच्या कितीतरी वर होते. गाडी तर उत्तम पळत होती, म्हणून मी ती सुदामा नगरातल्या एका जुन्या ऑटो इलेक्ट्रिशियनकडे नेली.

त्याने इंजिन सुरू न करता फक्त चावी फिरवली. तेलाचा, बॅटरीचा, एअरबॅगचा असे सगळे दिवे उजळले, पण चेक इंजिनचा उजळला नाही. हा दिवा चावी फिरवताच लागलाच पाहिजे आणि इंजिन सुरू झाल्यावर विझला पाहिजे, ही त्याची रोजची परीक्षाच असते. दलालाने गाडी आधीच चालू का ठेवली होती, ते मला तेव्हा कळले. स्कॅनर लावल्यावर दोन कोड निघाले. पी0420 म्हणजे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (धुरातले विषारी वायू कमी करणारा, सायलेन्सरच्या नळीतला डबा) नीट काम करत नाही, आणि पी0650 म्हणजे खुद्द इशारा देणाऱ्या दिव्याच्या सर्किटमध्येच बिघाड आहे.

पुढचा तपास मी शेजारी उभा राहून पाहिला. माझ्या गाडीत या दिव्याला एका बाजूने फ्यूजमधून बारा व्होल्ट मिळतात आणि दुसरी बाजू ईसीएमकडे, म्हणजे इंजिन सांभाळणाऱ्या संगणकाकडे जाते. ईसीएमने ती बाजू अर्थ केली की दिवा लागतो. (बऱ्याच नव्या गाड्यांत अशी वेगळी वायर नसते, हा निरोप कॅनवरून, म्हणजे गाडीतल्या संगणकांना जोडणाऱ्या सामाईक तारांवरून जातो.) त्याने वायरिंगचा नकाशा पाहून मीटरकडून येणारी वायर अर्थ केली, तेव्हा दिवा लख्ख लागला, म्हणजे दिवा आणि फ्यूज दोन्ही शाबूत होते. हे नकाशाशिवाय, अंदाजाने कोणी करू नये, कारण चुकीची वायर अर्थ झाली तर ईसीएम जळू शकतो. मग त्याने त्याच वायरीची दोन टोके मल्टिमीटरने तपासली आणि मल्टिमीटर वाजला नाही, म्हणजे वायर मध्येच कुठेतरी तुटलेली होती. ग्लव्ह बॉक्स उतरवल्यावर कारण हातात आले. कंपनीच्या मळकट कापडी टेपखाली एका जागी नवी, चकचकीत काळी टेप होती आणि तिच्या आत पकडीने सरळ कापलेली दोन टोके वेगवेगळी गुंडाळलेली होती. "तार टूटा नहीं है भिया, काटा गया है," एवढेच तो म्हणाला.

दिवा का मारला, याचे उत्तर गाडीखाली होते. कन्व्हर्टरच्या डब्यावर आडवी वेल्डिंगची रेघ होती आणि ठोकल्यावर तो रिकाम्या पिंपासारखा वाजत होता. आतल्या जाळीवर प्लॅटिनम, पॅलेडियम, रोडियम यांसारख्या मौल्यवान धातूंचा थर असतो, म्हणून भंगारात तिला चांगले पैसे येतात. ती काढल्यावर दिवा सतत लागून राहिला असता, आणि लागलेला दिवा दाखवून गाडी विकता आली नसती. दिव्यावर नुसती काळी टेप चिकटवली असती तर सर्किट शाबूत राहून पी0650 आलाच नसता. वायर कापल्यामुळेच ही लबाडी ईसीएममध्ये नोंदली गेली.

दलालाला फोन केला तर तो म्हणाला, "काका, उंदरांनी कुरतडली असेल." उंदीर टोकांना टेप गुंडाळत नाहीत, हे मी त्याला सांगितले. त्यावर त्याने सही केलेल्या कागदाची आठवण करून दिली.

वायर जोडण्यापूर्वी मी दोन्ही टोकांचे आणि स्कॅनरच्या पडद्याचे फोटो काढले आणि इलेक्ट्रिशियनकडून बिलावर निदान लिहून घेतले. दलालाने कमिशनची पावती दिली होती, ती जोडून 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आहे. तिथे दाद लागली नाही तर ग्राहक आयोगात जाईन; त्यासाठी कायद्याने दोन वर्षांची मुदत असते. नव्या कन्व्हर्टरचे पैसे जमेपर्यंत दिवा मात्र आता अखंड लागलेला असतो.