बटाट्याच्या दोन जाती, पुखराज आणि ज्योती, डीएपी अर्ध्यावर: दोन रब्बींनंतर

२०२४ च्या दिवाळीनंतर लागवड तोंडावर आली आणि डीएपी (नत्र आणि स्फुरद, म्हणजे फॉस्फरस, देणारं खत) मिळेना. मला दोन पिशव्या हव्या होत्या, २० गुंठे बटाट्याला एक आणि कांद्याला एक. दुकानदार म्हणाला, मिळतील, पण सोबत टॉनिकच्या चार बाटल्या घ्याव्या लागतील. पिशवी १३५० ची आणि बाटल्यांचं बिल त्याहून जास्त. भांडून एकच पिशवी आणली. आमचं गाव आंबेगाव तालुक्यात, कालव्याच्या पट्ट्यात. इथे एकरी दोन पिशव्या डीएपी ही वडिलांपासूनची सवय, त्यात कधी मोजमाप नव्हतं. त्या वर्षी नाइलाजाने करावं लागलं.

२० गुंठ्यांचे पाच-पाच गुंठ्यांचे चार तुकडे केले. दोनांत कुफरी ज्योती, दोनांत कुफरी पुखराज. प्रत्येक जातीच्या एका तुकड्याला नेहमीप्रमाणे साडेबारा किलो डीएपी, दुसऱ्याला सव्वासहा. अर्ध्या डोसात नत्रही कमी पडतं, म्हणून तिथे अडीच किलो युरिया वाढवला, नाहीतर फरक नत्राचा की स्फुरदाचा हे कळलंच नसतं. पोटॅश (पालाश) सगळीकडे सारखं. उरलेलं डीएपी कांद्याला.

माती मध्यम काळी, चुनखडीची. परीक्षणात सामू (पीएच) ८.१ आणि उपलब्ध स्फुरद हेक्टरी ११ किलो, म्हणजे कमीच. अशा जमिनीत टाकलेलं स्फुरद कॅल्शियमला चिकटून बसतं, आणि जे मोकळं राहतं तेही जागेवरून काही मिलिमीटरच सरकतं. नत्र पाण्याबरोबर मुळाकडे येतं, स्फुरदाकडे मुळाला जावं लागतं. बटाट्याची मुळं वरच्या फूटभरात, तीही विरळ. त्यामुळे कुठल्या जातीची मुळं जास्त माती धुंडाळतात, यावरच बरंच ठरतं.

तिसाव्या दिवशी शेजारचे तात्या बांधावर आले. ज्योतीच्या अर्ध्या डोसाच्या तुकड्याकडे बघून म्हणाले, "काळोखी झकास आहे की रे, इथे काय मारलंस?" मीही खूश झालो. नंतर वाकून बघितलं तर ती काळोखी उपासमारीची होती. पानं लहान, मळकट गर्द हिरवी, कडा वर वळून वाटीसारख्या झालेल्या, आणि झाड पूर्ण डोसाच्या झाडापेक्षा वीतभर बुटकं. नत्र कमी पडलं तर पान पिवळं पडून ओरडतं. स्फुरदाची भूक अशी तब्येतीचं सोंग घेते. पन्नासाव्या दिवसापर्यंत त्या तुकड्यात सरी झाकली नव्हती. पुखराजच्या अर्ध्या डोसात मात्र खुणेची काठी बघितल्याशिवाय ओळखू येत नव्हतं.

दोन्हींची एकेक झाडं खुरप्याने हळू उकरून बादलीत बुडवली. ज्योतीची मुळं लगेच स्वच्छ झाली. पुखराजच्या बारीक पांढऱ्या मुळांना माती अशी धरून होती की दोनदा पाणी बदलावं लागलं. याला पुरावा म्हणत नाही, पण त्या बादलीनंतर माझा विश्वास बसायला लागला.

काढणी फेब्रुवारीत. ५० किलोच्या पिशव्या धरून पुखराज पूर्ण डोसात २५, अर्ध्यात २४. ज्योती पूर्ण डोसात २२, अर्ध्यात १७. ज्योतीचा बटाटा बारीक पडला नव्हता, उलट काही गोळे चांगले मोठे होते. कमी पडली ती संख्या. दहा-दहा झाडं उपटून मोजली, तर पूर्ण डोसात झाडाला सात-आठ आणि अर्ध्यात पाच. स्फुरद किती बटाटे धरतील ते ठरवतं असं ऐकून होतो, ते इथे हाताने मोजलं.

चुलत्यांचा आक्षेप असा की पुखराज जमिनीचं जुनं खाऊन माजतो, दोन वर्षांत रान रिकामं होईल. आक्षेप बिनबुडाचा नाही, म्हणून हिशोब मांडला. एक टन बटाट्यात साधारण अर्धा किलो फॉस्फरस जातो. माझ्या २४ पिशव्या म्हणजे १२०० किलो, म्हणजे सहाशे-सातशे ग्रॅम. सव्वासहा किलो डीएपीत शुद्ध फॉस्फरस सव्वा किलो. म्हणजे अर्धा डोस टाकूनही नेल्यापेक्षा दुप्पट पडतोय. मग इतकी वर्षं पूर्ण डोसातला उरलेला पैसा कुठे गेला, ते त्या चुनखडीला विचारायचं.

पुखराज १९९८ चा, ज्योती १९६८ ची, दोन्ही सिमल्याच्या बटाटा संशोधन संस्थेच्या. त्याच संस्थेच्या जालंधर केंद्रातल्या अभ्यासांतही नत्र, स्फुरद, पालाश तिन्हींच्या वापरात पुखराज वरच्या रांगेत आला. पण पंजाबची माती गाळाची, आपली काळी. त्यामुळे तिकडचं वाचून इकडे पिशवी कमी करायचं धाडस झालं नसतं.

दुसऱ्या रब्बीत शेजारचं रान घेतलं, कारण बटाट्यावर बटाटा घ्यायचा नाही. या वेळी चारही तुकडे अर्ध्या डोसाचे, फरक फक्त खत देण्याच्या पद्धतीचा. प्रत्येक जातीच्या एका तुकड्यात नेहमीसारखं फोकून (हाताने विखरून), दुसऱ्यात सरीत बेण्याच्या खाली ओळीने, मध्ये दोन बोटं माती. पहिल्या चार सऱ्यांत घाईत माती टाकायचीच विसरलो, फोडी थेट खतावर बसल्या आणि जागोजागी उगवणच झाली नाही. चूक शंभर टक्के माझी. त्या सऱ्या हिशोबातून काढल्या आणि बाकीच्यावरून पाच गुंठ्यांचा अंदाज धरला. ज्योती फोकून १६, ओळीने २०. पुखराज फोकून २४, ओळीने २५. एका पिशवीला मी फरक धरत नाही.

म्हणजे ज्योती घेणाऱ्याने जात बदलायच्या आधी खत टाकायची जागा बदलून बघावी. मजुरी वाढते हे खरं. पाच गुंठ्यांना दोन बायांचा अर्धा दिवस जास्त गेला.

पुखराजबद्दल तक्रारीही आहेत. पाणीदार आहे, त्यामुळे चिप्सवाले घेत नाहीत. लवकर येतो, पण काढणीनंतर बाजार पडला तर थांबायची सोय कमी. माझ्या आरणीत (साठवणीच्या ढिगात) दीड महिन्यात पुखराज सुरकुतला, ज्योती टणक होती. मंचरला त्या आठवड्यात ज्योतीला भावही बरा मिळाला. फक्त खताची बचत बघून पुखराज लावणाऱ्याने हे आधी धरावं. आणि ज्यांच्या परीक्षणात स्फुरद आधीच भरपूर आहे, त्यांना दोन जातींत हा फरक दिसेलच असं नाही.

यंदा पंधरा गुंठे पुखराज अर्ध्या डोसात लावायचा बेत आहे. ज्योती पाचच गुंठे, ओळीने खत देऊन, तीही घरच्यासाठी. आईने स्पष्ट सांगितलंय, पुखराजच्या भाजीचे वडे तळताना फुटतात, ते ती करणार नाही.