टेक्का मार्केट, सिंगापूर: बांगड्यासाठी एवढ्या लांब जावं का?

आम्ही सेंगकांगला राहतो. इमारतीखालीच सुपरमार्केट आहे. दूध, अंडी, भाजी सगळं तिथं मिळतं. तरी दीड वर्ष झालं, शनिवारी सकाळी मी पिशव्या घेते आणि जांभळ्या लाइनची मेट्रो पकडून लिटल इंडियाला जाते. गाडी थेट आहे, बदलावी लागत नाही. नव्याने आलेल्या मैत्रिणी विचारतात, एवढं काय आहे त्या टेक्कात? त्यांच्यासाठी लिहितेय.

ठाण्याहून आलो तेव्हा नवऱ्याचं ऑफिस आणि मुलीची शाळा लगेच सुरू झाली. घरी मी आणि आई, म्हणजे माझ्या सासूबाई. आई वेंगुर्ल्याच्या. पहिल्या महिन्यात मी एका दुकानातून माशाचे गोठवलेले तुकडे आणले. प्लास्टिकखालचे पांढरे चौकोन आईंनी उलटसुलट करून पाहिले आणि म्हणाल्या, "ह्येका डोळेच नाय, मगे ताजो कसो वळखूचो?" त्या दिवशी त्यांनी वरणभात खाल्ला. पुढे मासे आणूया का, हे विचारणंही त्यांनी सोडलं. मला ते फार लागलं.

टेक्काला पहिल्यांदा गेलो ते कढीपत्त्यासाठी. भाजीचे गाळे ओलांडून आई पुढे गेल्या आणि मासळीच्या रांगेत थबकल्या. "अगो, ह्यो आपलो बांगडोच मा!" गाळेवाले काका तमिळ आणि मलय बोलणारे, आई मालवणी. आईंनी बोटाने कल्ला उचलून पाहिला, आत लालभडक. काकांनी मान डोलावली आणि बर्फाखालून त्याहून चांगले चार काढून दिले. सौदा झाला. मी फक्त पैसे दिले.

इथे बांगड्याला केंबुंग म्हणतात. सुरमईला तेंगिरी, पण बऱ्याच गाळ्यांवर बातांग म्हटलं की लवकर कळतं. बावल पुतिह म्हणजे पांढरं पापलेट, बावल हितम म्हणजे हलवा. कोळंबी उडांग, माकूल सोतोंग. कुराऊ हा आपल्या रावसाच्या कुळातला. महाग असतो, इथले लोक लहान मुलांच्या पेजेत घालतात. ही सगळी नावं आईंनी मुलीकडून एका वहीत देवनागरीत लिहून घेतली आहेत. ओला बोंबील मात्र मला तिथे आजवर दिसलेला नाही. मासे साफ करून, हवे तसे कापून देतात. बांगड्याचं डोकं हवं असेल तर आधीच सांगा, नाहीतर ते टाकून देतील.

नारळाचा गाळा हे टेक्काला जाण्याचं दुसरं मोठं कारण. डोळ्यांदेखत खोवून देतात. काळी साल काढलेलं पांढरंशुभ्र हवं की सालीसकट, एवढंच विचारतात. दूधही पिळून मिळतं. पाणी न घातलेलं मागा. सोलकढी करायला याहून सोपं मला ठाण्यातही नव्हतं.

आमसुलं आम्ही घरून आणली होती, ती चार महिन्यांत संपली. मग मसाल्याच्या दुकानात आसाम केपिंग दिसलं: वाळवलेल्या, चपट्या, तपकिरी चकत्या. कोकमाच्याच जातकुळीतलं फळ आहे. इकडे माशाच्या आंबट रश्शात घालतात. आईंनी बांगड्याच्या तिखल्यात दोन चकत्या घालून पाहिल्या. आंबटपणा चोख आला. सोलकढीला मात्र ते चालत नाही, तो गुलाबी रंगच येत नाही. तिरफळांचा प्रश्न आणखी कठीण होता. तो सुटला चिनी सुक्या मालाच्या दुकानात, हुआजियाव नावाच्या मिऱ्यासारख्या दाण्यांनी. तिरफळाचं भावंडच ते. जीभ तशीच झिणझिणते, वास थोडा लिंबासारखा. आईंचा निकाल: "तिरफळ नाय ह्या, पण चलात." आईंकडून ही मोठी पसंती आहे.

बाजार झाला की त्याच इमारतीतल्या हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे खाण्याच्या गाळ्यांपाशी, बसा. बिर्याणीच्या रांगा मोठ्या असतात, पण आमची मुलगी पुटू मायम मागते. तांदळाच्या शेवया, वर ओला नारळ आणि साखर. आई म्हणाल्या, हे आपले शिरवाळेच, फक्त रस दिला नाही. मधुमेह असलेल्यांनी चहा 'कोसोंग' मागावा. मलयमध्ये कोसोंग म्हणजे रिकामा, इथे बिनसाखरेचा. रिकाम्या खुर्चीवर किंवा टेबलावर टिश्यूचं पाकीट दिसलं तर तिथे बसू नका, ती जागा कोणीतरी धरलेली असते. खाऊन झाल्यावर आपला ट्रे आपणच नेऊन ठेवायचा, 2021 पासून तसा नियमच आहे. वरच्या मजल्यावर कपड्यांची दुकानं आणि शिंपी आहेत. साडीला फॉल लावायचा असेल तर तिथे चौकशी करा.

नावाची गंमत मुलीला फार आवडते. टेक्का हे होक्किएन या चिनी बोलीतल्या बांबूवरून आलेलं. 1982 मध्ये ही इमारत झाली तेव्हा त्याच अक्षरांचा मँडरिन उच्चार घेऊन तिला झूज्याव सेंटर नाव दिलं. लोक टेक्काच म्हणत राहिले, आणि 2000 मध्ये पाटीही बदलली. शेजारच्या रस्त्याचं नाव बफेलो रोड. या भागाचं जुनं मलय नाव कांडांग करबाव, म्हणजे म्हशींचा गोठा. महिला-बालकांचं मोठं केके हॉस्पिटल, त्यातले 'केके' तेच.

आता अडचणी. फरशी ओली असते, सपाता घालून जाऊ नका, मागे पट्टा असलेली चप्पल हवी. आईंचा हात मी मासळीच्या रांगेत सोडत नाही. आत उकडतं. भाव गाळ्यागणिक बदलतो, तेव्हा कापायला देण्याआधी विचारा. मोठी नोट काढण्यापेक्षा सुटे डॉलर जवळ ठेवा.

मागच्या महिन्यात मला ताप होता, म्हणून आई आणि मुलगी दोघीच गेल्या. दोन तासांनी परत आल्या त्या केळीची पानं, नारळ आणि सहा केंबुंग घेऊन. काकांनी "मरुमगळ कुठे?", म्हणजे सून कुठे, असं विचारल्याचं आईंनी सांगितलं. तो तमिळ शब्द त्यांना कधी कळायला लागला, कोण जाणे.

साडेआठच्या आत पोहोचा. दुपारी मासळीचे गाळे आवरायला लागतात. आणि सोमवारी जाऊ नका, त्या दिवशी बरेचसे मासळीवाले बंद असतात.