स्प्रे यंत्र की ब्रश: घर रंगवल्यानंतर काही महिन्यांचा अनुभव

घर रंगवण्यासाठी स्प्रे यंत्र घ्यावे की ब्रश आणि रोलरवरच काम करावे, हा प्रश्न बहुधा वेगाच्या अंगाने विचारला जातो. आतील भिंती, छत, दारे, खिडक्यांची झापे, लोखंडी जाळ्या आणि बाहेरची एक बाजू एवढे काम दोन्ही प्रकारच्या साधनांनी करून, तो रंग काही महिने रोजच्या वापरात कसा टिकतो हे पाहिल्यावर माझे मत असे झाले आहे की त्याआधी दुसराच प्रश्न विचारायला हवा: जेवढे रंगवायचे आहे, त्याच्या मानाने झाकून ठेवायचे किती आहे?

मी दोन यंत्रे वापरली. पहिले एचव्हीएलपी प्रकारचे, म्हणजे भरपूर हवा पण कमी दाब. गनच्या तोंडाशी हवेचा दाब १० पीएसआयच्या (दर चौरस इंचाला पौंड) आत राहतो, त्यामुळे तुषार फारसे उडत नाहीत आणि लहान, नाजूक कामावर चांगला ताबा राहतो. दुसरे एअरलेस, ज्यात हवा नसतेच. पंप रंगालाच साधारण २००० ते ३००० पीएसआय दाबाने बारीक छिद्रातून बाहेर ढकलतो आणि त्याचे तुषार होतात. भिंतीचा दाट इमल्शन, म्हणजे पाण्याचा रंग, एचव्हीएलपीमधून नीट निघत नाही, तो बराच पातळ करावा लागतो आणि मग त्याची झाकण्याची ताकद कमी होऊन एक हात वाढतो. म्हणून मोठ्या भिंतींसाठी हे यंत्र घेऊ नये, असे मी स्पष्टपणे सांगेन. एअरलेस तोच इमल्शन जवळजवळ डब्यातल्यासारखाच ओढते, मात्र टिप, म्हणजे गनच्या तोंडावरचा बारीक छिद्राचा तुकडा, योग्य हवी. टिपेवरच्या क्रमांकाचा अर्थ समजून घेतला की निवड सोपी होते: ५१७ मधल्या ५ ची दुप्पट, म्हणजे गन भिंतीपासून सुमारे १२ इंचांवर धरली असता पडणाऱ्या पट्ट्याची रुंदी १० इंच, आणि १७ म्हणजे छिद्र ०.०१७ इंच. टिप झिजली की पट्टा अरुंद होतो आणि रंग जास्त जातो. हे हळूहळू घडत असल्याने चटकन लक्षात येत नाही.

आता झाकण्याविषयी. रिकाम्या खोलीचे छत आणि भिंती एकाच रंगाच्या असतील, तर एअरलेसची बरोबरी रोलर करू शकत नाही. पण खोलीत सामान असेल, फरशी जपायची असेल, खिडक्यांच्या काचा, विजेचे बोर्ड, चौकटी, पंखा हे सारे असेल, तर प्रत्यक्ष फवारणीपेक्षा मास्किंग टेप आणि प्लास्टिक लावण्यातच कितीतरी अधिक वेळ जातो. त्यात यंत्र धुण्याचा वेळ मिळवावा: पंप, नळी, गन आणि गाळण्या यांतून स्वच्छ पाणी येईपर्यंत पाणी फिरवावे लागते, आणि नळीत उरलेला रंग वेळीच परत डब्यात काढला नाही तर तो वाया जातो. राहत्या घरातील एका खोलीसाठी हा खटाटोप मला अजिबात परवडणारा वाटला नाही. ब्रशने कडा काढून घेतल्या आणि उरलेल्या भिंतीवर रोलर फिरवला, की ती खोली सामान मध्यभागी सरकवूनही रंगवता येते.

याउलट जाळ्या, पट्ट्यापट्ट्यांची झापे आणि कोरीव काम असलेले दार यांवर फवाऱ्याचा लाभ इतका ठळक आहे की तिथे ब्रशचा आग्रह धरू नये. ब्रशने पट्टीच्या खालच्या कडेला रंग साचून ओघळ येतो आणि तो वाळल्यावर घासून काढावा लागतो. एचव्हीएलपीने पातळ दोन हात दिले असता कोपऱ्यांतही सारखा थर बसला आणि आजही तो तसाच गुळगुळीत आहे. झापे काढून, आडवी ठेवून फवारता आली तर झाकायचे काहीच उरत नाही. गन मात्र मनगटातून कमानीसारखी न फिरवता पृष्ठभागाला समांतर न्यावी आणि प्रत्येक पट्टा आधीच्या पट्ट्यावर निम्मा यावा. पुट्टी आणि घासणे यांत फवाऱ्यामुळे काहीही वाचत नाही.

टिकण्याच्या बाबतीत मला सर्वांत महत्त्वाची वाटलेली गोष्ट अशी. बाहेरच्या खरबरीत भिंतीवर एअरलेसने पहिला हात दिला आणि तो ओला असतानाच त्यावर कोरडा रोलर फिरवला, जेणेकरून रंग खाचांत आणि छिद्रांत दाबला जावा. तुलनेसाठी एक पट्टा मुद्दाम नुसता फवारलेला ठेवला. काही महिन्यांनी त्या पट्ट्यावर टाचणीच्या टोकाएवढी उघडी छिद्रे दिसू लागली आणि टेप चिकटवून ओढला असता तिथला रंग सुटून आला, तर रोलर फिरवलेल्या भागावर टेप कोराच निघाला. शोषून घेणाऱ्या पृष्ठभागावर तुषार अलगद येऊन बसतात. ब्रश किंवा रोलर रंग घासून आत घालतो. लाकडाच्या कापलेल्या टोकांवरचा प्रायमर म्हणूनच मी ब्रशनेच देतो.

सुरक्षिततेविषयी स्पष्ट लिहिणे आवश्यक आहे. एअरलेसच्या टिपेसमोर बोट आले, तर रंग कातडीतून थेट आत घुसतो. जखम सुईच्या टोचणीएवढी दिसली तरी ती तातडीने रुग्णालयात नेण्याची बाब आहे, कारण आतल्या ऊती झपाट्याने निकामी होऊ शकतात. टिप बदलण्यापूर्वी पंप बंद करून दाब सोडून द्यावा, हा नियम एकदाही मोडू नये. तुषारांसाठी साध्या कापडी मास्कवर विसंबू नये, आणि थिनरचा रंग फवारताना वाफ शोषणारी कार्ट्रिज असलेला मास्क, मोकळी हवा आणि ठिणगीपासून दूर जागा हवीच.

ब्रश घेताना काटकसर करू नये. पाण्याच्या रंगासाठी नायलॉन किंवा पॉलिएस्टरचे केस हवेत, कारण प्राण्यांचे केस पाणी पिऊन मऊ पडतात. ऑइल पेंटला मात्र तेच केस उत्तम. केस गळणाऱ्या स्वस्त ब्रशमुळेच अनेकांचे ब्रशविषयीचे मत वाईट झाले आहे, असे मला वाटते.

महिन्यांनंतर जाणवणारा आणखी एक फरक डागडुजीचा आहे. रोलरने दिलेल्या भिंतीवर ओरखडा पडला, तर त्याच डब्यातला रंग लहान रोलरने लावून तो बहुतेक मिसळून जातो, कारण पोत तोच असतो. नुसत्या फवारलेल्या गुळगुळीत भिंतीवर ब्रशचा ठिपका तिरक्या उजेडात लगेच उठून दिसतो, विशेषतः चकाकीच्या रंगात, आणि मग कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत पूर्ण भिंत पुन्हा करावी लागते. मुलांचा वावर असलेल्या खोल्यांत मी म्हणूनच शेवटचा हात रोलरने दिला. उरलेला रंग पाणी न घातलेला, घट्ट झाकणाच्या लहान डब्यात ठेवला आहे आणि डब्यावर खोली, छटा व त्या वेळी किती पाणी मिसळले होते ते लिहिले आहे.